सानसाहेबांसाठी घेतलेली चव

आमच्या समाजाच्या दिवाळी अंकासाठी या वर्षी नोकरीतल्या आठवणी मागवल्या आहेत, असं वहिनी वाचून दाखवत होती. बँकेतले, शाळेतले, रेल्वेतले लोक लिहितील. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसते. पण लिहिताना समोर कोणी नसतं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं आईने पोथीवरून गिरवून घेतली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोड्यावर होते, असं घरात सांगतात. घोडे गेले, भाषा तेवढी राहिली, आणि तीही आता निम्मी कन्नड झाली आहे.

मी परदेशी लोकांच्या घरी स्वयंपाक करत आले. म्हैसूरला योग शिकायला, कारखान्यांत यंत्रं बसवायला बाहेरून लोक येतात, वर्ष दोन वर्षं राहतात आणि जातात. त्यांना 'अडिगे अम्मा' लागते, म्हणजे स्वयंपाकाची बाई. लोकांना वाटतं, त्यात काय, तिखट कमी घातलं की झालं. तसं नसतं. परक्या माणसाला तुमचं अन्न आवडलं की नाही, ते तो तोंडाने सांगत नाही. सगळेच मान डोलावून 'गुड, गुड' म्हणतात. खरं काय ते ताटावरून ओळखायचं. कोथिंबीर कडेला सारली आहे का, भाताला मधेच खड्डा पाडून सोडून दिलाय का, घासागणिक पाणी लागलं का. मी दाराआडून हे बघत असे. बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला मानवलं.

एक योगवाल्या बाई होत्या. त्या दुपारपर्यंत मौन पाळायच्या, आणि घरात दुसऱ्या कोणी बोललेलंही त्यांना खपत नसे. माळी पळाला, धुणंवाली पळाली. मी तिथे फार सुखात होते. दुसरे एक आजोबा सारात साखर ढवळून ते कपातून चहासारखं प्यायचे. पहिल्या दिवशी मला रडू आलं. पुढे मीच साखरेचा डबा त्यांच्या हाताशी ठेवू लागले. ही माणसं गेली तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटून घ्यायचं नसतं. आज जे सांगायला बसले आहे ते मात्र तसं झालं नाही.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात एक जपानी इंजिनियर आले होते. म्हैसूरच्याच बोगादी भागात कंपनीने त्यांना घर घेऊन दिलं होतं. साठीच्या जवळपासचे, अंगाने लहानखुरे, लग्न न केलेले. कारखान्यातली माणसं त्यांच्या आडनावाला 'सान' जोडून हाक मारायची. मला वाटलं, सान हेच नाव. मी सानसाहेब म्हणू लागले. सान म्हणजे आपल्याकडे लहान, आणि साहेब होतेही लहानखुरे, त्यामुळे नाव चुकलं असेल अशी शंकाही आली नाही. पुढे त्यांच्या ड्रायव्हरने, नंजुंडाने सांगितलं, की सान म्हणजे त्यांच्यातलं 'राव'. तोवर साहेबांना त्या नावाची सवय होऊन गेली होती. कारखान्यात राहून ते थोडी कन्नड शिकले होते. आमचं बोलणं त्या मोडक्या कन्नडात चाले. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

पहिल्याच संध्याकाळी मी भात, डाळ, भाजी आणि मासा वाढला. साहेबांनी मान झुकवली, ताटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साके?"

आता कन्नडात 'साकु' म्हणजे पुरे, आणि 'साके?' म्हणजे 'पुरे का?' एवढंसं वाढलं, हे पुरणार आहे का, असं विचारतायत! मी खाली मान घालून आणखी भात वाढला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग निमूटपणे सगळा भात संपवला. दुसऱ्या दिवशी मी आधीच ढीग घातला, तरी पुन्हा 'साके?' आहेच. मग मी आणखी वाढला. ताटात दाणा टाकणं त्यांच्यात वाईट समजतात. बिचारे घाम पुसत पुसत जेवायचे.

असं काही दिवस चालल्यावर नंजुंडा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"अक्का, साहेबांना मारायला निघालीस काय? दुपारचं जेवण बंद केलंय त्यांनी. म्हणतात, घरी संध्याकाळी फार असतं."

"मग रोज मला 'पुरे का' म्हणून कशाला विचारतात?"

नंजुंडा पोट धरून भिंतीलाच टेकला. "अय्यो अक्का! साके म्हणजे त्यांची दारू! तांदळाची! फ्रिजमध्ये खाली निळी बाटली आहे ना, ती मागतायत."

मी खोचलेला पदर सोडला आणि पिशवी उचलली. आमच्या घरी दसऱ्यात आयुधपूजेला जुन्या तलवारीपुढे दारूचे थेंब शिंपडतात, पण ते पुरुषांनी. बायका त्या बाटलीला हात लावत नाहीत. दारातून बाहेर पडता पडता मी म्हटलं, "बाटली घरातच आहे, तर आपली आपण का घेत नाहीत?"

"त्यांच्यात तसं करत नाहीत म्हणे. आपल्या पेल्यात आपण ओतून घ्यायची नाही. आपण दुसऱ्याला ओतायची, दुसऱ्याने आपल्याला."

"आणि घरात दुसरं कोणी नसलं तर?"

"नसलं तर भात खायचा," नंजुंडा म्हणाला.

मी पिशवी खाली ठेवली. त्या संध्याकाळी बाटली काढली आणि त्यांचा छोटा पेला भरला. उजव्या हातात बाटली धरली आणि डावा हात उजव्या कोपराला लावला, विडा देताना लावतो तसा. साहेबांनी पेला दोन्ही हातांनी धरला होता. प्यायल्यावर त्यांनी नुसता श्वास सोडला. एखाद्याने दिवसभराचे बूट काढावेत तसा.

पुढे मला त्या कामाची गोडी लागली, हे खरं. थंडीत ही दारू कोमट करून पितात. साहेब म्हणाले, "गरम करा." मी पातेल्यात ओतून दुधासारखी उकळी आणली. घरभर वास सुटला आणि दारूतली दारू उडून गेली. साहेबांनी ते पाणी न बोलता पिऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दाखवलं. सुरईसारखी मातीची बाटली गरम पाण्यात उभी करायची आणि बाटलीचा तळ हाताला सोसेल तेवढाच तापू द्यायचा.

ते एका साके करणाऱ्या घरातले होते. बर्फाच्या गावातलं, पिढ्यान् पिढ्यांचं घर. थोरले हेच, पण वडिलांशी पटलं नाही म्हणून यंत्रांकडे वळले, आणि घरचा धंदा तम्माकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे गेला. हळूहळू ते मला सांगू लागले. साकेचा तांदूळ इतका घासतात, की वरचा भाग कोंडा होऊन जातो आणि आतला पांढरा मणी तेवढा राहतो. मग तो वाफवून त्यावर मुद्दाम बुरशी धरवतात.

"बुरशी?" मी म्हटलं. "आमच्याकडे बुरशी आलेला भात टाकून देतात."

"आमच्याकडे तिची राखण करतात," साहेब म्हणाले. "घरातलं तान्हं मूल असल्यासारखी."

ऐकायला मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसत असे. घरी माझ्याशी एवढं कोणी बोलत नव्हतं. नवरा गेल्यापासून मी माहेरी राहते. भाऊही गेला. वहिनी आणि भाचा आहेत, चांगले आहेत, पण दोघांच्या हातात मोबाइल असतात. बोगादीहून बसने परत येताना मी बुरशीचा, बर्फाचा विचार करत यायची.

मग करोना आला. साहेबांना ताप आला, तो उतरला, पण नाक गेलं, वास नाही की चव नाही. आधी वाटलं, येईल परत. महिने गेले. मी आलं घातलेला चहा दिला काय आणि कोमट पाणी दिलं काय, सारखंच. ताटं मात्र स्वच्छ परत यायची, त्यामुळे ताट बघून ओळखायची माझी विद्या संपली. ते कारखान्यात कोणाला हे सांगत नव्हते. बंगळुरूच्या जपानी मित्रांनाही नाही. साके करणाऱ्या घरच्या माणसाला वास येत नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटायची.

त्याच दिवसांत दोन गोष्टी झाल्या. कंपनीने विचारलं, आणखी तीन वर्षं म्हैसूरला राहाल का? आणि गावाकडे त्यांच्या घरची साके करणारे म्हातारे मुख्य कारागीर वारले. त्या हिवाळ्यात तम्माने पहिल्यांदाच एकट्याने साके केली. ती चाखून सांगा, म्हणून तो थोरल्या भावाला बाटली पाठवणार होता.

एका संध्याकाळी साहेबांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी टेकल्यासारखी बसले.

"अम्मा, तम्माची साके चांगली झाली असेल, तर त्याला माझी गरज नाही. मी इथे राहीन. चांगली नसेल, तर मला जायला हवं." ते थांबले. "पण मला कळणार नाही. तुम्ही माझ्यासाठी चव घ्या."

"मी? मला काय कळतंय?"

"कळायला नको. तोंडात काय आहे तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो."

दोन दिवस मी काम उरकून सरळ बस धरली. मग हो म्हटलं.

त्यांच्याकडे म्हाताऱ्या कारागिराच्या हातची एक बाटली शिल्लक होती. तिच्यावर माझा अभ्यास सुरू झाला. पेला पांढरा, तळाशी दोन निळी वर्तुळं. वर्तुळांच्या कडा धारदार दिसल्या तर साके नितळ, फिसकटलेल्या दिसल्या तर काहीतरी बिघडलंय. मग हुंगायचं. मग थोडीशी तोंडात घेऊन, ओठांतून हवा आत ओढून, सगळ्या जिभेवर फिरवायची आणि भांड्यात थुंकायची. हवा ओढताना माझ्या तोंडून घोड्यासारखा आवाज यायचा. एवढी वर्षं मी लोकांसमोर पापडसुद्धा आवाज न करता खात आले होते.

"काय आहे?" साहेब डोळे मिटून विचारायचे.

"भात. नुकतंच झाकण काढलेला."

"मग?"

"खरबुजाची साल."

"शेवटी?"

"शेवटी काही नाही. जीभ धुतल्यासारखी."

ते मान हलवायचे. त्यांच्या आठवणीतली चव माझ्या शब्दांवरून चालत त्यांच्यापर्यंत परत येते आहे, असं मला वाटायचं. मला कोणी 'शेवटी काय?' असं इतकं मन लावून कधी विचारलं नव्हतं.

घरी मात्र एकदा वहिनीने मला दारातच थांबवलं.

"वन्सं, तोंडाला वास कसला येतोय?"

"कामाचा."

"स्वयंपाकाच्या कामाला असला वास?"

"चव घ्यायला सांगतात. मी गिळत नाही हो. थुंकते."

"थुंकायचीच तर घ्यायची कशाला?"

भाचा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "आत्या, पार्टी!" वहिनीने त्या दिवसापासून माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. माझ्या हातचं जेवण मात्र चालत होतं.

तम्माची बाटली जपानहून परतणाऱ्या, कारखान्यातल्या दुसऱ्या एका साहेबांच्या सामानातून आली. नंजुंडाने ती बर्फाच्या पिशवीत, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली. साहेबांनी बजावलं होतं, की त्या दिवशी कांदा नको, वेलदोडा नको, डोक्याला तेलही नको. मी सकाळीच शिकेकाईने न्हाले.

"आज कसला सण?" वहिनी म्हणाली.

रविवारची सकाळ होती. साहेबांनी खिडकीपाशी उजेडात टेबल ओढलं होतं. पेल्यात ओतलं. दोन्ही वर्तुळं स्वच्छ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हुंगलं. भाताचा वास, गोडसर, छान. मी तोंडात घेतलं. आधी भात आला. फळासारखंही काहीतरी आलं. आणि मग मागून, गिळायच्या जागी, दुसरंच काही आलं.

मी थुंकले, चूळ भरली, पुन्हा घेतलं. फ्रिजचा वास असेल म्हणून दुसरा पेला घेतला. तेच. जुन्या कारागिराच्या साकेत जिथे काही उरत नसे, नेमकं तिथे काहीतरी बसून राहिलं होतं.

साहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आज डोळे मिटलेले नव्हते, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

एकच शब्द पुरला असता. 'चेन्नागिदे', म्हणजे छान आहे. त्यांनी विश्वास ठेवला असता. तीन वर्षं मी दुपारची बस धरून बोगादीला गेले असते, पेला भरला असता, उंबऱ्याशी स्टुलावर बसले असते. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं.

"बेण्णे," मी म्हटलं. लोणी.

"ताजं?"

"नाही. तुपासाठी साठवून ठेवतो ना, तसलं. कढवायच्या आधीचं."

"आधी येतं की शेवटी?"

"शेवटी. आणि जात नाही."

साहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "अवसर." मराठीत अवसर म्हणजे संधी, कन्नडात घाई. त्यांनी समजावून सांगितलं. आंबलेला तांदूळ मोठ्या पिंपात आपल्या वेळेने निवळतो. तो तयार व्हायच्या आधीच पिळून काढला, की पुढे बाटलीत असा लोण्याचा वास धरतो. म्हातारा कारागीर पिंपाशेजारी कान लावून बसायचा. तम्माला तेवढा धीर निघाला नाही.

मी खरं का सांगितलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोलायला लाजणारं माणूस खोटं बोलायलाही लाजतं, एवढंच असेल.

साहेबांनी त्याच दिवशी भावाला फोन केला. मी भांडी घासत होते. भाषा कळत नव्हती, पण साहेब थोडंच बोलले आणि पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही, एवढं कळलं. शेवटी त्यांनी फोन हातात धरूनच कमरेतून वाकून नमस्कार केला. त्या आठवड्यात त्यांनी कंपनीला नाही म्हणून कळवलं.

जायच्या थोडे दिवस आधी मी सांबाराला फोडणी देत होते. हिंग टाकला, तसे साहेब धावत स्वयंपाकघरात आले.

"हे काय? काय कुजलंय?"

"हिंग आहे, साहेब. रोजच घालते."

"रोज?" ते म्हणाले आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यांनी हिंगाची डबी उघडून पुन्हा पुन्हा हुंगली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण दुसऱ्याच क्षणी मी हात पुसून फ्रिज उघडला. तम्माची बाटली अर्धी शिल्लक होती. मी वर्तुळांच्या पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही बघा, साहेब. माझं चुकलं असेल. माझी जीभ ती काय, सारभाताची. तुम्हाला चांगली लागेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हे का म्हणते आहे ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. पण तोंडाला न लावता ओट्यावर ठेवला.

"तुम्ही सांगितलंत ना."

"चुकलं असेल तर?"

"चुकलं नाही. तम्मालाही तो वास आला होता. पण गावातले, दुकानदार, कामगार, सगळेच चांगली झाली म्हणाले. मग त्याला वाटलं, आपलंच नाक बिघडलंय." त्यांनी हिंगाच्या डबीचं झाकण लावलं. "तिथे त्याला सांगणारं कोणी नाही, अम्मा."

मी गॅस बारीक केला.

ते गेले त्या दिवशी नंजुंडा त्यांना विमानतळावर सोडायला बंगळुरूला गेला. नंजुंडाने गाडीतून मान काढून, "अक्का, येतो गं," अशी हाक मारली, जणू तोच परदेशी निघाला होता. साहेब गाडीत बसण्याआधी कमरेतून वाकले. मीही वाकले. किती वेळ वाकून राहायचं ते मला माहीत नव्हतं. मी वर पाहिलं तेव्हा गाडी वळणावर होती. मी फ्रिज रिकामा केला, पुसला, दार थोडं उघडं ठेवलं, किल्ली शेजारी दिली आणि बस धरली.

घरी आल्यावर रोजच्यासारखं सार केलं, भात केला, वहिनीला आणि भाच्याला वाढलं. भाच्याचा एक हात भातात, एक मोबाइलवर.

"कसं झालंय सार?" मी विचारलं. मी असं कधी विचारत नाही.

"छान झालंय हो वन्सं," वहिनी म्हणाली.

"मस्त, आत्या," भाचा म्हणाला आणि त्याने आणखी मागून घेतलं.

ते उठल्यावर मी माझं पान वाढून घेतलं. सारात मीठच नव्हतं.